अर्धे वर्ष गणेशगुडीत

गेली काही वर्षे आमच्या आप्तेष्टांपैकी आणि परिचितांपैकी अनेकजण आम्हांला एक प्रश्न विचारीत आले आहेत. मुले शिकूनसवरून आखातात, कॅनडात किंवा मुंबईच्या उपनगरांत स्थिरावली. नोकरीचा काळ संपला. गावचे राहते घर इमारतींच्या आणि वाहनांच्या गराड्यात सापडले. अशा वेळी वर्षातले काही महिने एखाद्या डोंगराळ, निवांत गावी जाऊन राहावे काय? आणि राहिल्यास तेथील नित्याचा संसार कसा चालतो? आम्ही उभयता वसई तालुक्यातले. चार हिवाळे आणि एक संपूर्ण पावसाळा आम्ही गणेशगुडी येथे भाड्याच्या घरात काढला आहे. तेवढ्या अनुभवाच्या बळावर, ज्यांच्या मनात असा विचार घोळत असेल त्या वाचकांसाठी चार गोष्टी येथे नमूद करीत आहो. निसर्गवर्णनाची पुस्तके पुष्कळ आहेत. आमचा भर पाणी, वीज, औषध, बाजार आणि शेजार यांवर राहील.

प्रथम गावाची ओळख करून देतो. गणेशगुडी हे उत्तर कन्नड जिल्ह्यातील, ज्याला आपल्याकडील जुनी माणसे अद्याप कारवार जिल्हा म्हणतात त्यातील, जोयडा तालुक्यात काळी नदीच्या काठी वसलेले लहानसे गाव आहे. 'गुडी' म्हणजे कन्नड भाषेत देऊळ. तेव्हा नावाचा अर्थ सांगावयास नकोच. दांडेलीहून येथवर सुमारे 25 किलोमीटरचा रस्ता दाट अरण्यातून येतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत हा सारा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषा या तालुक्यात घरोघर समजतात. सरकारी कामकाज व पाट्या मात्र कन्नडमध्ये असतात, आणि ते योग्यच आहे.

गाव लहान असले तरी त्याच्या डोक्यावर उभी असलेली भिंत लहान नाही. सुपा धरणाची ही काँक्रीटची भिंत 101 मीटर उंच आणि 332 मीटर लांब आहे. 1974 मध्ये बांधकामास प्रारंभ झाला आणि 1987 पर्यंत ते पुरे झाले. भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहात प्रत्येकी 50 मेगावॅटची दोन यंत्रे आहेत. येथून सुटलेले पाणी वाया जात नाही. खाली बोम्मनहळ्ळीच्या जलाशयात ते पुन्हा अडविले जाते, नागझरीच्या मोठ्या वीजगृहात यंत्रे फिरविते, पुढे कोडसळ्ळी व कद्रा या धरणांना भेटून शेवटी कारवारजवळ अरबी समुद्रास मिळते. डिग्गी गावाजवळ उगम पावणारी ही 184 किलोमीटर लांबीची नदी आपल्या लहानशा वाटचालीत जितकी राबते, तितकी क्वचितच दुसरी एखादी नदी राबत असेल.

परंतु या जलाशयाच्या तळाशी एक गाव आहे, हे येथे राहावयास येणाऱ्याने विसरता कामा नये. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपा नावाचे गाव होते. तालुक्याचे ठाणे तेच, आणि तालुक्याचे नावही तेच. धरण झाले तेव्हा गाव पाण्याखाली गेले. ठाणे जोयड्यास हलविण्यात आले आणि विस्थापित कुटुंबांपैकी बरीचशी लोंढ्याच्या वाटेवरील रामनगर येथे वसविण्यात आली. गणेशगुडीची आजची वस्ती मुख्यतः धरणाच्या कामामुळे वाढली. म्हणजे ज्या कारणाने एक गाव बुडाले, त्याच कारणाने दुसरे वर आले. ही गोष्ट आम्ही इतिहास म्हणून सांगत नाही. तिचा आमच्या भाडेकराराशी कसा संबंध आला, ते पुढे येईलच.

आता प्रवासाविषयी. वसईकडून जाणाऱ्यास दोन मार्ग आहेत. एक, कोकण रेल्वेने कारवारपर्यंत जाऊन पुढे अणशी घाट चढून मोटारीने. दुसरा, पुणे, मिरज व बेळगाववरून लोंढा जंक्शनला उतरून रामनगरमार्गे. पहिला मार्ग अतिशय रमणीय आहे, पण भर पावसात अणशी घाटात दरडी कोसळतात आणि वाहतूक बंद पडते. सामान व वृद्ध माणसे घेऊन जाणाऱ्याने लोंढ्याचा मार्ग पत्करावा. सरकारी बसगाड्या आहेत, पण त्यांच्या वेळा मोजक्या. शेवटची गाडी चुकली की दुसऱ्या सकाळपर्यंत वाट पाहावी लागते. कर्नाटकात 11 जून 2023 पासून स्त्रियांना सरकारी बसने विनामूल्य प्रवास करता येतो, पण ती सवलत त्या राज्याच्या रहिवासी स्त्रियांसाठी आहे. महाराष्ट्राचे आधारकार्ड दाखविणाऱ्या आमच्या भगिनींनी तिकिटाचे पैसे हातात तयार ठेवावेत. स्वतःचे वाहन नेणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की, परराज्यातील वाहन सलग बारा महिन्यांहून अधिक काळ तेथे ठेवल्यास त्याची नव्याने नोंदणी करावी लागते. अर्धे वर्ष राहणाऱ्यास ही अडचण येत नाही.

गणेशगुडीच्या वर्षाचे दोन भाग पडतात, आणि ते दोन निरनिराळ्या गावांचे वाटावेत इतके भिन्न आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा. पहाटे नदीवर धुके उतरते, अंगावर शाल लागते, उंबर-वडाच्या झाडांवर धनेश पक्ष्यांचे थवे येतात. मार्च ते मे या महिन्यांत दिवसा उकाडा होतो, पण सावली दाट असल्यामुळे तो आपल्याकडील चिकट उन्हाळ्याइतका जाचत नाही. नंतर जूनमध्ये जो पाऊस लागतो, तो सप्टेंबर उलटेपर्यंत मागे हटत नाही. याच तालुक्यातील कॅसलरॉक हे ठिकाण अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध आहे. गणेशगुडीत तेवढा पाऊस नसला, तरी वसईचा पाऊस पाहिलेल्या माणसानेही जपून राहावे असा तो असतो. कन्नडमध्ये पावसाला 'मळे' म्हणतात. आमच्या वाडीवाल्या कानांना या शब्दाने प्रथम केळीचे आणि फुलांचे मळे आठवले. जुलै उजाडला तेव्हा त्याचा खरा अर्थ आम्हांला कळला.

घर निवडताना याच पावसाचा विचार अगोदर करावा लागतो. हिवाळ्यात पाहिलेले घर सर्वांनाच आवडते. आमचे म्हणणे असे की, घर पाहावयाचे तर ते जुलैत पाहावे. उतरत्या छपरावर मंगळुरी कौले असतील तर पाणी सहज निथळते आणि हवाही खेळती राहते, परंतु माकडांच्या टोळ्या कौलांवरून उड्या मारतात आणि दोन-चार कौले सरकली की माळ्यावर पाणी येते. म्हणून पंचवीस-तीस कौले जादा घेऊन ठेवावीत आणि पावसापूर्वी एकदा माणूस चढवून छप्पर चाळून घ्यावे. सिमेंटच्या सपाट गच्चीचे घर पाहावयास टापटिपीचे दिसते, परंतु तीन-चार महिने पाणी झेलून तिच्या भिंती ओलावा धरतात. चारी बाजूंनी रुंद पडवी असणे ही येथे चैन नव्हे. पडवी नसेल तर पावसाची झड थेट खिडकीतून आत येते आणि कपडे वाळत घालण्यास जागा उरत नाही.

ओलावा हा या प्रदेशातील खरा घरमालक आहे. बंद कपाटातील कपड्यांना आठवड्यात वास येतो, चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते, पुस्तकांची पाने फुगतात, मिठाचे पाणी होते आणि आगपेटीची काडी पेटत नाही. स्थानिक गृहिणी यावर जे उपाय करतात ते साधे व खात्रीचे आहेत. डाळी व मसाले उन्हात कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरणे, कपाटात कोळशाचे तुकडे कापडात बांधून ठेवणे, लाकडी सामान भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे आणि दररोज थोडा वेळ तरी चूल पेटविणे. यांतील शेवटचा उपाय सर्वांत महत्त्वाचा. ज्या घरात दररोज धूर होतो त्या घराला बुरशी व वाळवी सहसा शिवत नाहीत. जे घर चार महिने बंद असते, त्याला कितीही महागडा रंग लावा, दार उघडताच ते आपली कथा नाकाला सांगते.

विजेविषयी लिहिताना थोडे हसू येते. भिंतीच्या पायथ्याशी वीज तयार होते, आणि पावसाळी वाऱ्यात एखादी फांदी तारेवर पडली की गाव अंधारात बसते. अरण्यातून जाणाऱ्या तारांचे हे दुखणे सर्वत्र सारखेच आहे. दुरुस्ती करणारी माणसे भर पावसात खांबावर चढतात. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. आपण सोय करावी ती अशी: एक लहानसा इन्व्हर्टर, उन्हावर चार्ज होणारे दोन दिवे, प्रत्येक खोलीत हाताशी विजेरी आणि भरून ठेवलेली पाण्याची टाकी. पंप विजेवर चालतो, म्हणून वीज गेली की पाणीही जाते, हे शहरातून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी शिकतो. पिण्याचे पाणी, ते विहिरीचे असो वा नळाचे, पावसाळ्यात उकळूनच घ्यावे. स्वयंपाकाचा गॅस मिळतो, परंतु भरलेले सिलिंडर एक जादा असावे. सरपणासाठी अरण्यात हात घालू नये. पडलेले लाकूड उचलणे हाही तेथे गुन्हा ठरू शकतो; शेजाऱ्याकडून नारळाच्या झावळ्या व करवंट्या विकत घ्याव्यात. मोबाईल संच काही जागी बोलतो व काही जागी मुका होतो. आमच्या घरात तो फक्त मागील पायरीवर बोलतो. परदेशी असलेल्या मुलांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी, नाहीतर ती नाहक काळजी करीत बसतात.

खाण्यापिण्याची आबाळ होत नाही, पण सवय थोडी बदलावी लागते. गावात किराण्याची दुकाने आहेत. विशेष खरेदीसाठी दांडेली गाठावी लागते. मासळीवाचून ज्याचा घास उतरत नाही, त्याने मन घट्ट करावे. कारवारकडील मासळी येते त्या दिवशी ती ताजी असते, परंतु ती कोणत्या दिवशी येईल हे समुद्र आणि घाट ठरवितात. या उणिवेची भरपाई या तालुक्यातील कुणबी समाजाने जतन केलेली कंदमुळे करतात. कोनफळे, कणगरे, करांदे आणि हाताएवढा मोठा अळूचा कंद, ज्याला तेथे मुडली म्हणतात, असे नाना प्रकार हिवाळ्यात निघतात. जोयडा येथे काही वर्षांपासून यांचा 'गड्डे गेणसू मेळा' भरतो. वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाला तो पाहून परमानंद होतो. हे कंद उकडून, भाजून किंवा सुक्या मासळीबरोबर शिजवून खातात. आम्ही आमच्याकडची सुकी मासळी डब्यात भरून नेतो. तिच्या बदल्यात शेजारून कंद, मध व कोकमे येतात, आणि हा व्यवहार पैशाने होणाऱ्या कोणत्याही व्यवहारापेक्षा आम्हांला अधिक उपयोगी पडला आहे.

आता प्रकृतीचा प्रश्न. कारण असे अर्धवर्षी बिऱ्हाड करणारी माणसे बहुधा साठी ओलांडलेली असतात. किरकोळ आजारासाठी जवळपास सोय होते. जोयड्यास सरकारी रुग्णालय आहे, दांडेलीत दवाखाने आहेत. परंतु हृदयाचा झटका, मेंदूतील रक्तस्राव किंवा मोठी शस्त्रक्रिया यांसाठी धारवाड, हुबळी किंवा बेळगाव गाठावे लागते. ही सारी ठिकाणे दीड-दोन तासांहून कमी अंतरावर नाहीत, आणि पावसात त्याहून अधिक वेळ लागतो. या जिल्ह्यात सर्व सोयींनी युक्त मोठे रुग्णालय व्हावे, यासाठी 2022 साली तेथील जनतेने मोठी मोहीम उभारली होती. यावरून अडचणीचे स्वरूप ध्यानी येईल. ज्याला डायलिसिस लागते, ज्याच्या हृदयावर नुकताच उपचार झाला आहे, त्याने येथे बिऱ्हाड करू नये. आठ दिवसांचा पाहुणा होऊन यावे. इतरांनी दोन महिन्यांची औषधे बरोबर ठेवावीत आणि 108 या रुग्णवाहिकेच्या क्रमांकाबरोबर गावातील एका वाहनचालकाचा क्रमांकही भिंतीवर लिहून ठेवावा. सत्तरी ओलांडलेल्या सर्व नागरिकांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता सामावून घेण्यात आले आहे, आणि ते कार्ड योजनेशी जोडलेल्या कोणत्याही राज्यातील रुग्णालयात चालते. ते काढून घेतल्यावाचून घर सोडू नये.

दोन धोके मात्र या भूमीचे खास आहेत. पहिला सर्पदंशाचा. आपल्या देशात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सर्पांच्या विषावर काम करते. पश्चिम घाटातील चापडा व तत्सम अन्य विषारी सर्पांवर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून साप चावू न देणे हाच मुख्य उपाय. रात्री विजेरीवाचून अंगणात उतरू नये, बूट झटकून घालावेत, घराभोवती पालापाचोळा व विटांचे ढीग ठेवू नयेत. दंश झाल्यास बांधणे, कापणे, चोखणे, मांत्रिक असे काही न करता तो अवयव न हलविता रोग्यास तडक रुग्णालयात न्यावे.

दुसरा धोका माकडतापाचा. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात 1957 मध्ये हा रोग प्रथम ओळखला गेला. नंतर तो उत्तर कन्नड, गोवा आणि आपल्या सिंधुदुर्गातही आढळला. अरण्यातील गोचिडीच्या चाव्याने तो माणसास होतो, आणि त्याचा जोर साधारणपणे डिसेंबर ते मे या महिन्यांत असतो. वाचकांच्या लक्षात येईलच की, आपण सुखाचा म्हणून जो काळ निवडतो तोच हा काळ आहे. यावर रामबाण औषध नाही. अरण्यात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, कर्नाटकाचे आरोग्य खाते 'डेपा' नावाचे गोचीडनाशक तेल वाटते ते हातापायांस लावावे, परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून अंग तपासावे. मेलेले माकड दिसल्यास त्याच्या जवळ न जाता आरोग्य केंद्रास कळवावे. सणकून ताप आला आणि अंग मोडून आले तर आपण अरण्यात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

अरण्याचे आणि नदीचे काही नियम पाळावे लागतात. 1956 साली स्थापन झालेले दांडेली अभयारण्य आणि 1987 साली घोषित झालेले अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून 2007 मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, आणि 2015 पासून त्यास काळी व्याघ्रप्रकल्प असे नाव आहे. येथे वाघ आहे, काळा बिबट्या आहे, गवा तर संध्याकाळी रस्त्यावर भेटतो. त्याच्यावर प्रकाश न टाकता गाडी थांबवून वाट द्यावी. नदीविषयी तर अधिक दक्षता हवी. धरणाच्या खालच्या बाजूस काळी नदी पावसावर नव्हे तर विजेच्या मागणीवर चालते. वीजगृहाची यंत्रे सुरू झाली की कडक उन्हाळ्यातही पाणी झपाट्याने वाढते. दूरवरून आलेले प्रवासी रबरी होड्यांतून या प्रवाहात उतरतात, ते याच पाण्याच्या जोरावर आणि जाणत्या नावाड्यांच्या सोबतीने. खडकावर कपडे ठेवून एकट्याने पोहावयास उतरणे हे निव्वळ आत्मघाताचे कृत्य होय. नातवंडे सुट्टीत येतील तेव्हा त्यांना प्रथम ही गोष्ट शिकवावी.

रविवारच्या मिस्साविषयी आमच्या वाचकांना स्वाभाविकच उत्सुकता असेल. हा जिल्हा 1976 साली बेळगाव धर्मप्रांतापासून वेगळ्या झालेल्या कारवार धर्मप्रांतात मोडतो. उपासना कोकणी वा कन्नड भाषेत चालते. कोकणी आमच्या कानांना परकी नाही. दोन-तीन रविवारांत प्रार्थना ओठांवर येतात. शेजारच्या हल्याळ तालुक्यात सिद्दी समाजातील कॅथलिक कुटुंबे आहेत. ज्यांचे पूर्वज शतकांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणले गेले, त्यांच्या मुखातून कोकणीतले गीत ऐकताना 'आपली माणसे' या शब्दांचा परीघ किती मोठा आहे, याची प्रचीती येते. अंतर लांब असल्यामुळे दर रविवारी जाणे साधेलच असे नाही. गाडी करून चार कुटुंबांनी मिळून जावे, हा उत्तम मार्ग.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, अडचणी कळल्या, उपायही कळले. आता जागा विकत घ्यावी की कसे? हाच खरा प्रश्न आहे, आणि आमच्या घरातही तो दोन वर्षे चालला होता. वसईच्या वाडीचा एक तुकडा विकला असता तर गणेशगुडीच्या परिसरात बंगली सहज उभी राहिली असती. कायद्याची अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नव्हती. 2020 च्या दुरुस्तीने कर्नाटकात शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यावरील जुने निर्बंध उठले. तथापि, या तालुक्यातील फार मोठा भाग वनखात्याचा आहे, आणि विकणारा जे दाखवितो ते त्याच्या मालकीचे असेलच असे नाही. पहाणी, म्हणजे आपल्याकडील सातबाऱ्यासारखा उतारा, आणि गावठाणातील घर असेल तर पंचायतीचा नऊ व अकरा क्रमांकाचा नमुना स्वतः तपासावा. वनखात्याची हद्द विचारावी. स्थानिक वकिलाचा सल्ला घेतल्यावाचून एक रुपयाही देऊ नये. ही झाली कागदपत्रांची बाजू. आमचा निर्णय मात्र कागदपत्रांनी केला नाही.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ अधूनमधून आपल्या मुलीकडे राहावयास येतात. त्यांचा जन्म बुडालेल्या सुप्यातला. आम्ही जागा पाहत आहो असे कळल्यावर ते एके संध्याकाळी पडवीत बसून शांतपणे म्हणाले, "घ्या जागा, आमची ना नाही. आम्ही निघालो ते पाण्याच्या हुकमाने, तुम्ही येता ते आपल्या मर्जीने. त्यात तुमचा काय दोष? पण एक सांगा. घर बांधून आठ महिने त्याला कुलूप घालाल, तर गावात एक घर वाढले म्हणायचे की एक घर कमी झाले?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आणि वसईकराला ते सुचूही नये, कारण हा प्रश्न आपण स्वतः इतरांना विचारीत आलो आहो. बाहेरून आलेल्या पैशाने वाड्या कशा गेल्या, विहिरी कशा आटल्या, आठवड्याच्या सुट्टीपुरते उघडणारे बंगले कसे उभे राहिले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. हरित वसईची चळवळ आपल्याच अंगणात झाली. 2009 साली महानगरपालिका झाली तेव्हा गावे वगळण्यासाठी आपलीच माणसे रस्त्यावर उतरली. तेव्हा जे दुःख आपण जाणतो, ते दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवण्याचा अधिकार आपणांस कसा पोहोचतो? जोयड्याच्या वाटेवर पाहुण्यांसाठी निवासस्थाने वाढत आहेत. त्यांतून कित्येक स्थानिक तरुणांना रोजगार मिळाला आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु ज्या घरात चूल पेटत नाही, ज्याचा मालक पंचायतीच्या सभेस येत नाही, ज्याची मुले तेथील शाळेत जात नाहीत, अशा घरांची संख्या वाढली की गाव राहत नाही, नुसती वस्ती राहते.

म्हणून आम्ही वाडी विकली नाही आणि जागाही घेतली नाही. घरमालकाशी बोलून अशी व्यवस्था ठरविली की, नोव्हेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत घर आमच्याकडे. उरलेल्या महिन्यांत तेथे शाळेवर बदलून आलेल्या एक शिक्षिका राहतील. घरमालकास वर्षभर भाडे मिळते, शिक्षिकाबाईंना पावसाळ्यात दुरून ये-जा करावी लागत नाही, आणि आमची भांडीकुंडी व अंथरुणे बुरशीपासून वाचतात. मागच्या खोलीत त्यांच्या दोन पेट्या असतात, त्यांच्या कपाटात आमची पुस्तके. मे महिन्यात किल्ली देताना आम्ही तांदळाचा डबा भरून ठेवतो. नोव्हेंबरात परत येतो तेव्हा पडवीवर मुडलीचे कंद वाळत असतात. घर एकदाही थंड पडत नाही.

ज्या वाचकांना असा बेत करावयाचा असेल, त्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे. प्रथम भाड्याने राहावे, आणि एक संपूर्ण पावसाळा काढल्यावाचून पुढचा विचार करू नये. प्रकृती तपासून घ्यावी. कन्नडची शंभर वाक्ये शिकावीत. दुकानदार आपल्याशी मराठीत बोलतो तो त्याचा चांगुलपणा आहे, आपला हक्क नव्हे. गावच्या वर्गणीत आपला वाटा द्यावा, लग्नाला जावे, मर्तिकाला तर अवश्य जावे. दुकानापासून वाहनापर्यंत शक्य तो व्यवहार गावातच करावा. आणि वर्षातले जे महिने आपण तेथे नसू, त्या महिन्यांत आपल्या चुलीत विस्तव कोण घालणार, याचे उत्तर शोधून मगच दाराची किल्ली हातात घ्यावी. ते उत्तर ज्याला सापडले, त्याला गणेशगुडीचा पाऊस, अंधार आणि लांबचा रस्ता यांपैकी काहीही जड जाणार नाही.